घर आधी की बिऱ्हाड आधी? : कुटुंब-प्रवेशाच्या निवास-अटीची चिकित्सा

१

राहण्याची जागा आणि तीत राहणारी माणसे या दोहोंसाठी मराठीत पुष्कळदा एकच शब्द वापरला जातो, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकास नवी नाही. 'घर' म्हणजे वास्तू, आणि 'सारे घर जागे झाले' असे म्हणताना 'घर' म्हणजे घरातील माणसे. मागच्या पिढ्यांतील पुरुष पत्नीचा उल्लेख 'आमचे कुटुंब' असा करीत. 'बिऱ्हाड' हा शब्द तर या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. त्याचा एक अर्थ परगावी भाड्याने घेतलेली जागा असा आहे, आणि दुसरा अर्थ त्या जागेत संसार करणारी माणसे व त्यांची भांडीकुंडी असा. नोकरीच्या गावी 'बिऱ्हाड केले' असे एखाद्याविषयी म्हटले, की त्याने जागा घेतली आणि बायकामुले आणली, या दोन्ही गोष्टी एकाच क्रियापदात सांगून होतात.

या दुहेरी अर्थाच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे. या दोहोंपैकी आधी काय? जागा असेल तरच माणसांनी यावे, की माणसे आली म्हणजे जागेचे घर होते? व्यवहारात आपण दोन्ही उत्तरे देतो व भाषा दोहोंना सामावून घेते. परंतु परदेशी गेलेल्या माणसाला आपली पत्नी व मुले तेथे बोलवावयाची असतील, तर अनेक राष्ट्रांचे कायदे यांपैकी एकच उत्तर मान्य करतात : आधी घर, मग माणसे. कुटुंबासाठी व्हिसाचा अर्ज करताना 'पुरेशा घरा'चा पुरावा जोडावा लागतो, तो या उत्तरामुळे. प्रस्तुत लेखात या 'पुरेसे घर' संज्ञेची चिकित्सा करावयाची आहे. कायद्याचे कलम हीदेखील एक संहिताच होय. तिच्यात शब्दांची निवड असते, कर्ता-कर्म असते, आणि न बोललेले असे पुष्कळ असते. तिच्या शेजारी आपल्या साहित्यातील काही कृती आणि घाटनांदूरच्या परिसरातील एक व्यवहार ठेवून पाहिले असता जे दिसते, ते मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

प्रथम अटीचे स्वरूप पाहू. युरोपीय संघाच्या २००३ च्या कुटुंब-एकत्रीकरणविषयक निर्देशाने सभासद राष्ट्रांना अशी मुभा दिली की, कुटुंबीयांना बोलावू इच्छिणाऱ्या परदेशी रहिवाशाकडे घराचा पुरावा मागता येईल. ते घर त्या प्रदेशातील तशाच कुटुंबास साधारण मानले जाईल असे, आणि आरोग्य व सुरक्षितता यांच्या सर्वसामान्य निकषांस उतरणारे असावे, अशी अपेक्षा आहे. जर्मनीच्या निवास-कायद्यात 'पुरेशी राहण्याची जागा' असा शब्दप्रयोग असून त्याचे माप प्रशासकीय सूचनांत दिलेले आहे. सहा वर्षांवरील प्रत्येक माणसामागे १२ चौरस मीटर, सहा वर्षांखालील मुलामागे १० चौरस मीटर, आणि दोन वर्षांखालील मूल हिशेबात नाही. पतिपत्नी व सहा वर्षांवरील दोन मुले अशा चौघांना, म्हणजे, ४८ चौरस मीटर जागा लागते.

ब्रिटनमध्ये घर कुटुंबाच्या मालकीचे किंवा केवळ त्याच्याच वापरातले असावे, त्यासाठी सरकारी साहाय्य घ्यावे लागू नये आणि त्यात गर्दी होऊ नये, असे नियम आहेत. गर्दीची व्याख्या १९८५ च्या गृहनिर्माण कायद्यात आहे. एका खोलीत दोन माणसे, दोन खोल्यांत तीन, तीन खोल्यांत पाच, असे तिचे कोष्टक आहे. एक वर्षाखालील मूल मोजावयाचे नाही, एक ते दहा वर्षांचे मूल अर्धे मोजावयाचे. एका खोलीत राहणारे जोडपे व तान्हे मूल या कोष्टकात बसते, परंतु त्याच मुलाचा पहिला वाढदिवस होताच ते कुटुंब 'गर्दी' ठरते. आखाती देशांची रीत निराळी आहे. संयुक्त अरब अमिरातीत कुटुंब आणण्यासाठी ४,००० दिरहॅम पगार, अथवा ३,००० दिरहॅम पगार आणि राहण्याची सोय अशी अट आहे, आणि नोंदणीकृत भाडेकरार हा अर्जाबरोबरचा एक महत्त्वाचा कागद असतो. कामगारांच्या सामायिक छावणीत खाट असलेल्या माणसापाशी असा करार असण्याचा संभवच नसतो.

या सर्व अटींचा व्यावहारिक परिणाम एक होतो. अर्जदाराला कुटुंब येण्यापूर्वीच कुटुंबापुरते घर दाखवावे लागते. ज्या मिळकतीतून त्याने गावी पैसे पाठवावयाचे, तिच्यातूनच माणसांनी अजून न भरलेल्या घराचे भाडे काढावयाचे. ज्याला हे जमते त्याचे कुटुंब लौकर येते. ज्याला जमत नाही, त्याची ताटातूट लांबते.

३

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. 'पुरेसे घर' ही कल्पना केवळ परक्याला अडविण्यासाठी जन्मली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. गर्दीचे कोष्टक ब्रिटिश कायद्यात प्रथम आले ते १९३५ साली, आणि त्याचा रोख परदेशी माणसांवर नव्हता. औद्योगिक शहरांतील गरीब वस्त्यांत एकेका खोलीत कोंबलेल्या कुटुंबांकडे आणि त्यातून पसरणाऱ्या रोगराईकडे त्याचे लक्ष होते. खोलीमागे दोनच माणसे असावीत, असे म्हणणारा कायदा त्या माणसांच्या बाजूने बोलत होता. घरमालकाने आणि नगरपालिकेने काय केले पाहिजे, हे तो सांगत होता.

त्याच सुमारास मुंबईत काय स्थिती होती? बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे ज्या चाळी बांधल्या, त्यांतील एका खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट आहे. चौरस मीटरांत सांगावयाचे तर ते १५ च्या आतच भरते. आजच्या जर्मन मापाने ही जागा एका माणसास पुरेशी आहे, ब्रिटिश कोष्टकाने दोन माणसांस. प्रत्यक्षात तिच्यात पिढ्या वाढल्या. कित्येक खोल्यांत कुटुंबेही नव्हती. एका गावचे पुरुष एकत्र भाडे भरीत, पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. कोकणातील ग्रामस्थ मंडळांच्या खोल्या आणि गोमंतकीयांचे 'कूड' ही या व्यवस्थेची परिचित उदाहरणे आहेत. या चाळींच्या पुनर्विकासात आता रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे देण्याचे ठरले आहे. त्यांचे क्षेत्रफळ सुमारे ४६ चौरस मीटर होते. चौघांच्या कुटुंबाला परदेशी कायदा जे माप 'पुरेसे' म्हणून मागतो, त्याच्या जवळपास येण्यास गिरणगावच्या एका खोलीला शंभर वर्षे लागली, ही गोष्ट या संदर्भात विसरून चालणार नाही.

४

या मापाने आपले साहित्य वाचले असता काही परिचित कृतींकडे पाहण्याची दृष्टी बदलते. अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील म्हणून सर्वपरिचित आहे. मुंबईला पोट भरण्यासाठी आलेला पुरुष आणि गावी राहिलेली त्याची पत्नी यांची ताटातूट सीमाभागाच्या ताटातुटीशी जोडलेली असल्यामुळे समीक्षकांचे लक्ष त्या रूपकावर राहिले, आणि ते स्वाभाविकही होते. पण रूपकाला बळ कोठून येते? ज्या गोष्टीच्या आधारे दुसरी गोष्ट सांगावयाची, ती पहिली गोष्ट श्रोत्याच्या अनुभवातील असावी लागते. परळ-लालबागच्या मैदानांत ही छक्कड ऐकणाऱ्या कामगारांपैकी अनेकांच्या बायका शब्दशः गावावर होत्या. त्या तेथे का होत्या, याची कारणे अनेक होती : शेतीचा तुकडा, म्हातारे आईबाप, अपुरी मजुरी. परंतु या कारणांत राहण्याच्या जागेचे कारण क्षुल्लक नव्हते. व्हिसा नव्हता, अर्ज नव्हता, अधिकारी नव्हता. तरीही निवासाची अट होती, आणि ती पाळीपाळीने झोपण्याच्या खोलीने घातलेली होती. वाटेगावहून आलेले अण्णाभाऊ स्वतः घाटकोपरच्या चिरागनगरमध्ये झोपडीत राहिले, ही नोंदही येथे अप्रस्तुत ठरू नये.

जयवंत दळवी यांच्या 'चक्र' (१९६३) या कादंबरीत याच अटीची दुसरी बाजू दिसते. झोपडपट्टीतील अम्मा आणि तिचा मुलगा बेनवा यांनी 'आधी घर' हा क्रम मानलेला नाही. माणसे आली आहेत, आणि त्यांच्याभोवती जे काही उभे राहिले तेच घर आहे. कायद्याच्या भाषेत हे घर अपुरे तर खरेच, पण ते घरच नव्हे. मात्र त्यातील नाती घरातील नात्यांसारखीच वाढतात आणि तुटतात. जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकात क्रम तिसऱ्या तऱ्हेचा आहे. तेथे चाळीतील खोली आहे आणि तीत आई व तिची मोठी झालेली मुले आहेत. १९८२ च्या गिरणी-संपानंतर गेले आहे ते काम. ज्या कामासाठी ही खोली मिळाली आणि कुटुंब आले, ते काम नाहीसे झाल्यावर तीच खोली माणसांना एकमेकांवर आदळावयास लावते. गर्दीचे कोष्टक या नाटकाला लावले तर ते चूक ठरणार नाही, कारण खोली खरोखरच अपुरी आहे. परंतु त्या अपुरेपणाचे कारण खोलीच्या भिंतींत नसून गिरणीच्या बंद फाटकात आहे, हे कोष्टक सांगू शकत नाही.

एवंच, पहिल्या कृतीत घर नाही म्हणून कुटुंब दूर आहे, दुसरीत घर नाही तरी कुटुंब आहे, आणि तिसरीत दोन्ही असून आधार गेला आहे. तीनही ठिकाणी 'पुरेसे' हा शब्द चौरस फुटांच्या पलीकडे जातो. मजुरीला काय किंमत आहे, आणि मजुराबरोबर त्याचे माणूसपण किती स्वीकारले जाते, या प्रश्नाशी तो जाऊन भिडतो.

५

हा प्रश्न अधिक स्पष्ट होण्यासाठी मुंबईहून मराठवाड्याकडे वळले पाहिजे. कारण येथवर पाहिलेल्या उदाहरणांत श्रम करणाऱ्याला कामावर घेणारे त्याच्या कुटुंबाविषयी निदान उदासीन होते. मराठवाड्यात मात्र असा एक व्यवहार आहे की, ज्यात काम देणारा कुटुंबच मागतो.

घाटनांदूर हे बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातील, परळी-लातूर रोड लोहमार्गावरचे गाव. बालाघाटाच्या या पठारी, कमी पावसाच्या मुलखातून दसरा-दिवाळी उलटली की ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर हे जिल्हे आणि कर्नाटकातील बेळगाव-बागलकोटकडील कारखाने ही त्यांची मुक्कामाची ठिकाणे. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो, आणि ती फेडण्यासाठी तोड करावयाची. या व्यवहारातील मोजणीचे परिमाण 'कोयता' हे आहे. एक कोयता म्हणजे एक नवराबायको. एकटा माणूस हा 'अर्धा कोयता'. नवऱ्याने तोडावयाचे, बायकोने मोळ्या बांधावयाच्या व वाहावयाच्या. अर्थात् कामाची वाटणी इतकी काटेकोर राहत नाही, आणि पहाटेची भाकर बाईच्या वाट्याला येते ती मोजणीबाहेर. लहान मुले बरोबर जातात, म्हातारी माणसे गावी राहतात. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी जिल्ह्यात हंगामी वसतिगृहांची योजना आली. तिचा हेतू चांगला असला, तरी शाळा हवी तर आईबाप दूर, आणि आईबाप हवेत तर शाळा दूर, हा पेच तिने पुरता सुटलेला नाही.

येथे कुटुंबाला येण्यासाठी परवानगी लागत नाही, उलट कुटुंब नसेल तर पूर्ण उचल मिळत नाही. मग निवासाची अट? ती कोणी विचारीत नाही. कारखान्याच्या आवारात किंवा फडाजवळ उघड्यावर बांबूच्या कमानींवर चटया, पाचट किंवा प्लास्टिकचे कापड टाकून कोपी उभी करावयाची. तीत वाकून शिरावे लागते. पाणी, उजेड, शौचकूप हे नशिबाचे भाग. आयुष्याचा निम्मा काळ ज्या निवासात जातो, त्याला चौरस मीटरांचे माप लावण्याची आठवण कोणत्याही अर्जात होत नाही, कारण मुळात अर्जच नाही. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण सहज वापरतो. विंचवाच्या पाठीवर बिऱ्हाड ठेवणारा कोण, हा प्रश्न म्हणीत नाही.

कायद्याने या बाबतीत काहीच म्हटलेले नव्हते असे नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने परराज्यात नेलेल्या कामगारांना योग्य निवास देण्याची जबाबदारी कंत्राटदारावर टाकली होती. केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांसाठी केलेल्या १९८० च्या नियमांत कुटुंबासह आलेल्या कामगाराला किमान १० चौरस मीटरांची खोली, ओसरी, स्वयंपाकासाठी आच्छादित जागा, आणि अशा तीन बिऱ्हाडांमागे एक शौचकूप व एक न्हाणीघर असे माप दिले होते. १० चौरस मीटर, आणि तेही सबंध कुटुंबासाठी! जर्मनीत सहा वर्षांखालील एका मुलासाठी जेवढी जागा मोजतात, तेवढीच. तरीदेखील ते माप मोलाचे होते, कारण ते कामगाराकडून मागितलेले नव्हते. ते कामगाराला द्यावयाचे होते. पण कायदा आंतरराज्य असल्यामुळे एकाच गावची एक टोळी बेळगावकडे गेली तर त्याच्या कक्षेत येई, आणि दुसरी कोल्हापूरकडे गेली तर येत नसे. पुढे २०२० च्या श्रमसंहितेत हा कायदा विलीन झाला. कोपी मात्र कोणत्याही संहितेत विलीन झालेली नाही.

६

आता या दोन व्यवस्थांची तुलना केली असता मुद्दा स्पष्ट होतो. त्यासाठी दोन साधी वाक्ये पुरेशी आहेत. 'कामगाराला पुरेसे घर मिळाले पाहिजे' हे एक वाक्य, आणि 'कामगाराकडे पुरेसे घर असले पाहिजे' हे दुसरे. शब्द जवळजवळ तेच आहेत, बदलले आहे ते क्रियापद. पहिल्या वाक्यात देणारा कोणी तरी गृहीत आहे : मालक, नगरपालिका किंवा राज्य. दुसऱ्यात देणारा नाहीसा होतो आणि सारा भार ज्याला घर हवे त्याच्यावरच येतो. १९३५ चा गर्दीचा कायदा आणि १९७९ चा स्थलांतरितांचा कायदा पहिल्या वाक्याचे आहेत, कुटुंब-व्हिसाची अट दुसऱ्या वाक्याची. एकच माप पहिल्या वाक्यात संरक्षण होते आणि दुसऱ्या वाक्यात अडसर. म्हणून 'पुरेसे घर' ही संज्ञा चांगली की वाईट, हा प्रश्न असा सुटा विचारण्यात अर्थ नाही. ती कोणत्या क्रियापदाबरोबर आली आहे, हे पाहिले पाहिजे.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की, येणाऱ्या स्त्रियामुलांना कोंदट खोलीत राहावे लागू नये, म्हणूनच ही अट आहे, आणि ती त्यांच्या हिताची आहे. हा आक्षेप वजनदार आहे. घरमालक परदेशी मजुराला कशा जागा देतात, हे पाहिले म्हणजे असे माप नसावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु अट खरोखरच येणाऱ्यांच्या हितासाठी असेल, तर ती सर्वांना सारखी लागू व्हावयास हवी. अरुंद घर अभियंत्याच्या मुलाला जितके अपायकारक, तितकेच सफाई कामगाराच्या मुलाला. प्रत्यक्षात जर्मनीने २०२३ च्या सुधारणेने कुशल कामगारांच्या पत्नी वा पती आणि अज्ञान मुलांसाठी पुरेशा जागेच्या पुराव्याची अट काढून टाकली. पुण्याहून जाणाऱ्या संगणक-अभियंत्याला तिचा लाभ होतो, ही आनंदाचीच गोष्ट आहे. तथापि तिच्यातून निघणारा निष्कर्ष टाळता येत नाही. ज्याच्या श्रमाची निकड आहे त्याच्याबाबत माप बाजूला ठेवता येते. ज्याची निकड तितकी नाही त्याच्याबाबत ते काटेकोर राहते. म्हणजे अट घराचे क्षेत्रफळ मोजते असे दिसले, तरी ती माणसाची किंमतही मोजीत असते.

आणि ऊसाच्या फडात हेच तत्त्व उलट्या दिशेने काम करते. तेथे कुटुंबाच्या श्रमाची निकड आहे, म्हणून घराचा प्रश्नच उठत नाही. परदेशी कार्यालयाच्या खिडकीशी घर नाही म्हणून कुटुंब अडते, फडात कुटुंब येते आणि घर अडते. दोन्ही ठिकाणी निर्णय घेणारा एकच विचार आहे, तो असा की माणूस श्रम म्हणून हवा आहे, तो संसारी आहे ही गोष्ट सोयीप्रमाणे धरावयाची किंवा सोडावयाची. घाटनांदूरच्या परिसरातील एखादा मुलगा शिकून उद्या परदेशी गेला आणि त्याने कुटुंबासाठी अर्ज भरला, तर 'आपण ज्या घरात राहता त्याचे क्षेत्रफळ' या रकान्यापाशी त्याला काय आठवेल, याची कल्पना करणे कठीण नाही. ज्याच्या बालपणातील कित्येक हिवाळे कोपीत गेले, त्याला पुरेशा घराचे महत्त्व कोणी शिकवावयास नको. त्याला एवढेच विचारावेसे वाटेल, की हा प्रश्न त्या वेळी कोणी कोणाला का विचारला नाही?

शेवटी पुन्हा शब्दांकडे यावे. आमच्या विभागातील जे विद्यार्थी बालाघाटाच्या बोलीचा शब्दसंग्रह करतात, त्यांनी ऊसतोडीच्या शब्दांची नोंद करताना 'कोयता' या शब्दापुढे 'ऊस तोडण्याचे हत्यार' एवढाच अर्थ लिहून थांबू नये. 'पतिपत्नीचे जोडपे' हा त्याचा दुसरा अर्थ आज हजारो माणसांच्या व्यवहारात रूढ आहे. आरंभी पाहिले त्याप्रमाणे मराठीने कुटुंबाला नाव दिले ते घराचे : घर, बिऱ्हाड. ज्या व्यवहारात घर उरले नाही, तेथे त्याच भाषेला कुटुंबासाठी हत्याराचे नाव वापरावे लागले. 'बिऱ्हाडा'पासून 'कोयत्या'पर्यंत झालेला हा अर्थाचा प्रवास आपल्या कोशांत आणि आपल्या समीक्षेत नोंदला गेला पाहिजे. घर पुरेसे आहे की नाही, हे ठरविणाऱ्या कोणत्याही कोष्टकाने विचारावयाचा पहिला प्रश्न त्या नोंदीत आहे : ते घर देण्याची जबाबदारी कोणाची?